कोणालाही दिली जात नाही

"तुझी आई माझ्याशी खोटं बोलली," मगदूमकाकू दारातच म्हणाल्या. "गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. पण पोटात ठेवून ठेवून जीव शिणलाय माझा, म्हणून आले."

मी आईच्या साड्यांच्या घड्या घालत बसले होते. आई जाऊन महिना होत आला होता. घर आवरायचं म्हणून मी पुण्याहून सांगलीला आले होते. आवरण्यासारखं फारसं काही नाही हे दोन दिवसांतच कळलं होतं, तरी परत निघत नव्हते. ऑक्सिजनचं भाड्याचं मशीन अजून कोपऱ्यात होतं. ते न्यायला येतो म्हणणारा माणूस येत नव्हता, आणि त्याला पुन्हा फोन करायचा मला कंटाळा आला होता.

"आत तरी या, काकू."

"येते. चहा टाकू नकोस."

काकू समोरच्या घरातल्या. त्यांचे यजमान मगदूममास्तर गेल्यापासून मुलगा धन्यकुमार आणि सून यांच्याजवळ राहायच्या. त्या पलंगाच्या कडेला टेकल्या, पदर मनगटावरून बाजूला केला आणि हात माझ्यापुढं धरले.

"बघ. काय दिसतंय?"

"पाटल्या."

"बेंटेक्सच्या हाईत. खऱ्या संस्थेत हाईत, तारण ठेवल्यात."

संस्था म्हणजे चौकातली पतसंस्था. आमच्या अर्ध्या गल्लीची खाती तिथं होती, आईचंही होतं.

"त्रिशलासाठी ठेवल्या," काकू म्हणाल्या. त्रिशला त्यांची मुलगी. दोन वर्षांपूर्वी ती सासर सोडून निपाणीला एकटी राहायला गेली, तेव्हा धन्यकुमारनं या घरातून तिला सुईदोराही जायचा नाही असं सगळ्यांसमोर सांगितलं होतं. "शिलाईचं दुकान टाकती म्हणाली. मी म्हटलं, माझ्या पाटल्या हाईत, माझ्या माहेरच्या. कुणाच्या बापाच्या न्हाईत. गेले संस्थेत. काउंटरवरची पोरगी म्हणती, आजी, घरातला आणखी एक नंबर द्या. मी म्हटलं, बाई, घरात कळाय नको म्हणून तर इथवर आले. तर ती म्हणती, काळजी करू नका, संस्थेच्या नंबरला फोन लावून ऐका, सगळं गुप्त असतंय. तिथंच लावला. तर तुझी आई बोलली."

"आई? फोनवर?"

"तुला ठाऊक न्हाई?"

काकूंनी कमरेची पिशवी सोडून आपला बटणांचा फोन काढला, नंबर दाबला आणि आवाज मोठा करून फोन आमच्या दोघींच्या मधे पलंगावर ठेवला. दोनदा घंटी वाजली.

"नमस्कार. संस्थेच्या दूरध्वनी सेवेत आपलं स्वागत आहे."

माझ्या हातातली साडी तशीच राहिली. आई रेडिओवर निवेदिका होती. बाजारात भाजी घेताना तिनं भाव विचारला की शेजारचं माणूस वळून बघायचं, "तुम्ही रेडिओवरच्या कुमुदताई ना?" तिचा आवाज घरात नव्यानं ऐकू येईल असं मला वाटलं नव्हतं. ठेवींसाठी हे दाबा, कर्जासाठी ते दाबा. मधे मधे तिला दम लागत होता. शेवटच्या दोन वर्षांत फुप्फुसं आक्रसत गेली, तेव्हापासून ती तशीच बोलायची. मग एक वाक्य आलं.

"आपण दिलेली माहिती गुप्त ठेवली जाते, ती कोणत्याही कारणासाठी कोणालाही दिली जात नाही."

काकूंनी फोन बंद केला. "हे ऐकलं आणि धन्यकुमारचा नंबर दिला. गेल्या आठवड्यात तो जेवाय बसला होता. फोन आला. कुठली तरी सोन्याची फायनान्स कंपनी. म्हणं, तुमच्या आईंच्या पाटल्या अमक्या संस्थेत आहेत, आमच्याकडं वळवा, ग्रॅमला जास्त देतो."

"मग?"

"मग काय. ओरडला असता तर बरं झालं असतं. ताटावरनं उठला. तवापासनं मला आई म्हणून हाक मारलेली न्हाई. सुनेकडनं निरोप येतोय. 'जेवायला वाढलंय म्हणावं.' माझ्याच घरात मी पाहुणी." त्या उठल्या. "दुसरं कुणी बोललं असतं तर मी नंबर दिला नसता, वैजू. तुझ्या आईच्या आवाजावर दिला."

त्या गेल्यावर मी माझ्या फोनवरून तो नंबर लावला. मग पुन्हा लावला. दुपार तशीच गेली. आईला ऐकायचं म्हणून लावत होते की ती खरंच ते बोलली का हे तपासायला, ते तेव्हाही मला सांगता आलं नसतं. त्या वाक्यापाशी दर वेळी काहीतरी खटकायचं. काय ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेत गेले. व्यवस्थापक कुडचेसाहेब आईला ओळखणारे. मला बघून खुर्चीतून उठले, पाणी मागवलं.

"ताईंच्या जाण्यानं संस्थेचं फार नुकसान झालं. त्यांचा आवाज म्हणजे संस्थेचा आवाज. अहो, नवीन सभासद सांगतात, फोनवर त्या बाई बोलतात म्हणून खातं काढलं. बरं, तुम्हाला निरोप देणारच होतो. रविवारी आपली वार्षिक सभा आहे. पहिलाच विषय श्रद्धांजलीचा. तुमचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार ठेवलाय. नाही म्हणायचं नाही."

"साहेब, सभासदांची माहिती बाहेर जाते का?"

"छे, छे."

"सोनेतारणाची?"

"बाहेर नाही हो. आपल्या भागीदार कंपनीकडं असते. त्यांच्याशी आपला करार झालाय."

"ती कंपनी बाहेरचीच ना?"

"कराराच्या आत आली की बाहेरची कशी?" ते हसले. मी हसले नाही तेव्हा त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडं सरकवला. "हे बघा, वैजयंतीताई, तुम्ही पुस्तकातली माणसं. व्यवहारात आता सगळीकडं हेच चालतं. संस्थेला त्यातून थोडं कमिशन सुटतं, त्यातूनच सभासदांना लाभांश मिळतो. शेवटी सभासदांच्याच भल्यासाठी."

"मग फोनवर तसं सांगा. सोन्याची माहिती अमक्या कंपनीला देतो म्हणून."

"असं सांगितलं तर सोनं ठेवायला कोण येईल?"

हे ते अगदी साधेपणानं म्हणाले. मी थकले होते. पंखा फिरत होता, बाहेर काउंटरवर कुणीतरी पासबुक छापून घेत होतं.

"ते वाक्य काढून टाका," मी म्हटलं. "आईच्या आवाजात नको."

"पण वाक्य ताईंनीच वाचलंय," कुडचेसाहेब म्हणाले. "आम्ही कागद दिला, त्यांनी वाचला. कुणी बळजबरी केली का? मुजावरकडं रेकॉर्डिंग झालं, त्याला विचारा. तरीपण तुमच्या भावना आहेत, आपण बघू."

घरी येऊन मी काकूंना सांगितलं, की मी मुजावरांकडं जाणार आहे.

"मीबी येते," त्या म्हणाल्या. "घरात बसून भिंतीशी किती बोलू?"

रिक्षात त्या माझ्या शेजारी पदर घट्ट धरून बसल्या. "तिनं वाचलंय असं निघालं तर?"

"तर तुम्ही म्हणता ते खरं."

"मला ते खरं निघायला नकोय गं," त्या बाहेर बघत म्हणाल्या. "पण राग धरायला कुणीतरी लागतंय."

मुजावर साउंड म्हणजे गणपती पेठेजवळ बॅटऱ्यांच्या दुकानामागची एक खोली. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. निवडणुकीच्या रिक्षा, उरुसातल्या हरवलेल्या पोरांच्या सूचना, साड्यांचे सेल, सगळं सलीम मुजावर इथंच रेकॉर्ड करायचे. आईची न् त्यांची जुनी ओळख होती. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी कानावरचे हेडफोन काढले आणि ते बराच वेळ गळ्यातच ठेवले.

"ताईंची मुलगी. बसा. मयतीला येऊन गेलो होतो मी. तुमच्याभोवती गर्दी होती."

मी त्यांना फोन लावून ते वाक्य ऐकवलं. "हे आईनं इथं वाचलं?"

"इथंच वाचलं," ते म्हणाले. मग आमच्याकडं न बघता म्हणाले, "पण तेव्हा नाही."

तेव्हा मला कळलं त्या दुपारभर काय खटकत होतं. त्या वाक्यात आईला दम लागत नव्हता. आधीच्या आणि नंतरच्या प्रत्येक वाक्याआधी ती श्वास ओढते, ते ऐकू येतं. हे मात्र ती एका दमात, सहज म्हणून जाते. ती माझी आजारी पडण्याआधीची आई होती.

"कधी मग?"

"तुम्ही शाळेत असाल. तो एड्सचा आजार तेव्हा इकडं लई पसरला होता, ट्रकवाल्यांच्यात. सरकारी दवाखान्यात रक्त तपासायचं केंद्र निघालं. लोक यायला घाबरायचे, नाव बाहेर गेलं तर गावात राहता येणार नाही म्हणून. त्या केंद्राच्या फोनसाठी ताईंनी हे वाचलं. वाचायच्या आधी सकाळभर तिथं जाऊन बसून आल्या होत्या. नाव लिहीत नाहीत, नुसता नंबर देतात, हे डोळ्यांनी बघून आल्या. मग म्हणाल्या, 'आता लावा टेप.'"

"आणि संस्थेचं?"

मुजावरांनी संगणकाकडं हात केला. "सगळं आहे. खोकल्यासकट. मी पुसत नाही काही. ऐकायचंय?"

मी काकूंकडं बघितलं. त्यांनी मान हलवली.

आधी नुसती खोलीची घुमण आली. कागद वाजला. मग आई आली, फोनवर नसते तशी, घरातली.

"मुजावर, हे पुढचं वाक्य कुणी लिहिलं?"

"संस्थेकडनं आलंय, ताई."

"त्यांना विचारा बघू. कोणालाही म्हणजे कोणालाच देत नाहीत ना?" श्वास. "त्यांचं काम कसं चालतं ते मी येऊन बघू का, विचारा. मी येईन. रिक्षानं येईन."

मुजावर फोनवर कुणाशी तरी बोलतात, शब्द कळत नाहीत. मग जवळून, "साहेब म्हणतात, ताई, वाचा की. सगळ्याच संस्था असंच म्हणतात."

"मग सगळ्यांकडनं वाचून घ्या. मला ठाऊक नाही ते मी कशी म्हणू?" बराच वेळ खोकला. पाण्याचं भांडं ठेवल्याचा आवाज. "तेवढी जागा मोकळी ठेवा. पुढचं घेऊ."

मुजावरांनी ते थांबवलं.

"दोन दिवसांनी साहेबांचा माणूस आला," ते म्हणाले. "म्हणाला, ताईंची परवानगी घेतलीय, तब्येतीमुळं त्यांना यायला जमत नाही, जुन्यातनं कुठनं तरी वाक्य काढून जोडा. मी जोडलं. ताईंना एक फोन करायला पाहिजे होता. केला नाही."

मला वाटलं होतं काकू रडतील, किंवा माझा हात धरतील. मी त्याची वाट बघत होते, हे मला आज कबूल करायला हरकत नाही. आईवरचा आळ गेला होता.

"म्हणजे ती खोटं बोलली न्हाई," काकू म्हणाल्या.

"नाही."

"वाचलं न्हाई तिनं. बरं केलं." त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "पण समोरच राहायची की गं. रोज गॅलरीतनं दिसायची. 'अक्का, त्या संस्थेचं काय खरं वाटत न्हाई मला,' एवढं एक वाक्य मला बोलली असती. वाचलं न्हाई म्हणून ती सुटली. मी अडकलेच की."

आई तशीच होती. खात्री नसलेलं बोलायची नाही, आणि नुसत्या शंकेवर कुणाचं नाव घ्यायची नाही. मी तिच्यासारखीच आहे असं लोक म्हणायचे, आणि मला ते आवडायचं.

रविवारची सभा मंगल कार्यालयात होती. आमच्याकडच्या पतसंस्थांच्या सभा ज्यांनी बघितल्यात त्यांना सांगायला नको. लोक येतात ते दारावर सही करून स्टीलचा डबा घ्यायला आणि शेवटी पुलाव खायला. मधे कुणीतरी विषय वाचतं, पुढच्या रांगेतून "मंजूर, मंजूर" होतं. काकू सभासद होत्या, त्या बायकांच्यात बसल्या. धन्यकुमारही सभासद होता. तो पुरुषांच्या बाजूला खांबाशी बसला होता. दोघं एका घरातून वेगवेगळे आले होते.

मला स्टेजवर बसवलं. आईचा फोटो होता, त्याला हार होता.

"ताई आपल्यात नाहीत असं आम्ही मानतच नाही," कुडचेसाहेब माईकवर म्हणाले. "कारण त्यांचा आवाज आपल्यात आहे." आणि त्यांनी खूण केली.

सगळ्या हॉलमधून आई बोलायला लागली. नमस्कार. स्वागत आहे. एका बाईनं डोळ्यांना पदर लावला. वाक्य काढलं नव्हतं. कोणत्याही कारणासाठी कोणालाही दिली जात नाही. टाळ्या वाजल्या.

मला शाल दिली, नारळ दिला. "दोन शब्द," साहेब माझ्या कानाशी म्हणाले आणि माईक माझ्यापुढं आला. मी आयुष्यात कधी माईकवर बोलले नव्हते. ते काम आईचं होतं.

"यातलं माहिती गुप्त ठेवण्याचं वाक्य माझ्या आईनं या संस्थेसाठी वाचलेलं नाही," मी म्हटलं. "तिनं वाचायला नकार दिला होता. ते दुसरीकडचं काढून जोडलंय. आणि ते खरं नाही. तुमच्या सोन्याची माहिती बाहेरच्या कंपनीला दिली जाते. साहेबांनी मला तसं सांगितलंय."

माझा आवाज अगदी लहान आला. मागच्यांना ऐकू गेलं की नाही, शंकाच आहे. कुडचेसाहेबांनी हळूच माईक घेतला.

"आईच्या जाण्याचं दुःख आहे. आपण समजू शकतो. पुढचा विषय, मागील सभेचं इतिवृत्त..."

"थांबा," बायकांच्यातून आवाज आला. काकू उभ्या होत्या. त्यांना माईक लागत नव्हता. "माझ्या पाटल्या तुमच्याकडं तारण हाईत. पोरीसाठी ठेवल्यात. निपाणीला राहती ती, नवऱ्याला सोडून. आता सगळ्यांना कळलं. मी सांगितलं म्हणून कळलं. तुम्ही कुणाला विचारून सांगितलंसा?"

"काकू, काकू," साहेब घाईनं म्हणाले, "असल्या वैयक्तिक गोष्टी सभेत नकोत. गोपनीयता असते."

मागून कुणीतरी फसकन हसलं. मग आणखी कुणी. मग पुरुषांच्या बाजूनं एकजण उठला, टोपी सारखी करत म्हणाला, "मलाबी आला होता फोन. मला वाटलं, माझ्या पोरानंच कुठं बोलून ठेवलंय. दोन महिने त्याच्याशी भांडतोय मी." मग भिंतीकडच्या एका बाईनं नुसताच हात वर केला आणि तो तसाच ठेवला.

यातून फार काही झालं असं नाही. सभा पुढं झाली, विषय मंजूर झाले, लोक जेवले. कराराचं काय झालं, मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्या आठवड्यात संस्थेनं फोनवरचा आईचा आवाज काढला, अख्खाच काढला. कुडचेसाहेबांनी निरोप पाठवला, की तुमच्याच मागणीवरून काढला. मुजावर मला सगळं रेकॉर्डिंग भरून द्यायला तयार होते. मी अजून घेतलेलं नाही. या गोष्टीला बरीच वर्षं झाली.

पण त्या दिवशी मी नारळ हातात घेऊन कार्यालयाबाहेर आले, तेव्हा काकू पायरीवर चप्पल शोधत होत्या. धन्यकुमार मोटरसायकल काढून उभा होता. तो आपल्या आईसाठी थांबलाय की गर्दी सरायची वाट बघतोय, ते कळत नव्हतं. काकू जवळ गेल्या. त्यानं गाडी चालू केली, पुढं बघत बसला. त्या मागं बसल्या, एका हातानं त्याचा खांदा धरला, दुसऱ्या हातात डबा.

"आई," तो मान न वळवता म्हणाला. "त्रिशलाचा जुना नंबर लागत नाही. नवा असेल तुझ्याकडं. दे."

काकूंनी माझ्याकडं बघितलं, मग त्याच्या पाठीकडं.

"देते," त्या म्हणाल्या. "आधी तिला विचारते, देऊ का म्हणून."